एंजलची अंडी उचलतात, डिस्कसची उचलायची नाहीत

"दादा, डिस्कसने अंडी घातली. कोन उचलून लगेच वेगळ्या टाकीत ठेवला, मेथिलीन ब्लू टाकलं, एअर स्टोन लावला. आता पुढे काय?"

ऐरोलीपासून घोडबंदर रोडपर्यंतच्या, टाकीत मासे पाळणाऱ्या हौशी मंडळींकडून हा फोन मला वर्षातून चार-पाचदा तरी येतो. डिस्कस आणि एंजल हे टाकीत पाळायचे मासे; कोन म्हणजे अंडी घालायला टाकीत ठेवलेला उभा शंकू, मेथिलीन ब्लू हे अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून टाकायचं निळं औषध, आणि एअर स्टोन म्हणजे पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड. प्रत्येकाने आधी एंजल वाढवलेले असतात, आणि चांगले वाढवलेले असतात. घोटाळा तिथेच होतो. "डिस्कस म्हणजे गोल एंजल, फक्त पाणी गरम लागतं" हे वाक्य कुणी पसरवलं कोण जाणे, पण त्यापायी मेलेली पिल्लं मी फार पाहिली आहेत.

एंजलचं तुम्हाला माहीत आहेच. जोडी अंडी घालते, खाऊन टाकायच्या आत आपण ती उचलतो, दोन-तीन दिवसांत फुटतात, पुढच्या चार-पाच दिवसांत पिल्लं पोहू लागतात आणि त्याच दिवसापासून ताजं फुटलेलं ब्राइन श्रिंप (खाऱ्या पाण्यातली बारीक कोळंबी) खातात. आईबापांचं काम अंडी घालण्यापाशी संपलं तरी चालतं.

साम्यं खरी आहेत. दोघंही ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, सिक्लिड या एकाच कुळातले मासे, दोघंही उभ्या पृष्ठभागावर अंडी चिकटवतात, दोघांतही नर-मादी नुसतं बघून ओळखणं कठीण. दोन माद्या जोडी जमवून अंडी घालतात आणि नर नसल्याने ती सगळी न फळता पांढरी पडतात, हेही दोन्हीकडे घडतं. तापमानाचा फरक सोपा आहे: डिस्कसला २८ ते ३० अंश, एंजलला दोन-तीन अंश कमी चालतात. पाण्याचं म्हणाल तर नवी मुंबईत मोरबे धरणाचं नळाचं पाणी ड्रममध्ये रात्रभर एअर स्टोन लावून ठेवा आणि तेच वापरा. टँकरचं पाणी बहुधा बोअरचं आणि जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं, असतं, त्यात अंडी नीट फळत नाहीत.

आता खरा मुद्दा. डिस्कसची पिल्लं पोहू लागली की आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खातात. ती अंगाला चिकटलेली दिसतात तेव्हा लोक म्हणतात, "बघा, कशी आईला बिलगलीत." ती बिलगलेली नाहीत, ती जेवत आहेत. जवळ जाऊन बघा: पापणीच्या केसाएवढी पिल्लं अंगाला तोंड लावून टोचा मारतात, शेपटी हलते, पुन्हा टोचा. आणि हे दूध बापही पाजतो. पाच-दहा मिनिटांनी आई अंगाला एक झटका देऊन बाजूला होते, सगळा थवा क्षणभर पाण्यात लटकतो आणि शेजारी येऊन थांबलेल्या बापाच्या अंगावर चढतो. कितीही वेळा पाहिलं तरी मी टाकीसमोरून हलत नाही.

इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली दाखवून दिलं की पिल्लं सांभाळणाऱ्या जोडीच्या या स्रावात प्रथिनं आणि प्रतिपिंडं वाढलेली असतात. सुमारे दोन आठवडे जोडी मुकाट्याने भरवते, मग हळूहळू पिल्लांपासून दूर पोहू लागते. म्हणजे दूध तोडणंसुद्धा तेच करतात.

ब्राइन श्रिंप पोहू लागल्यानंतर चार-पाच दिवसांनी सुरू करायचं, आणि तेही अंगावरचं खाणं चालू असताना. पहिल्या दिवशी बरणीत ते ओतून काही होत नाही. माझ्या पहिल्या जोडीच्या वेळी मी नेमकं तेच केलं होतं. पोहू लागल्यावर चौथ्या दिवशी सकाळी सगळी पिल्लं तळाशी होती, पोटं आत गेलेली, आणि आईबाप पलीकडच्या टाकीत धडधाकट होते.

अंड्याच्या पिवळ्या बलकाचा लेप भांड्याच्या कडेला लावून पिल्लं वेगळी वाढवता येतात. अमेरिकेतले डिस्कस वाढवणारे जॅक वॉटली यांचं नाव त्या पद्धतीशी जोडलेलं आहे. पण त्यात दिवसातून अनेकदा खाणं आणि प्रत्येक खाण्यानंतर पाणी बदलणं आलं. सकाळची ठाणे लोकल पकडणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

जोडी अंडी खाते म्हणून उचलली, असं सांगतात. नवी जोडी पहिली काही वेळा खातेच, थांबा. अगदीच राहवत नसेल तर कोनभोवती जाळी लावा. जोडीला अंडी दिसली पाहिजेत आणि पंखांनी वारा घालता आला पाहिजे. पिल्लं पोहायच्या बेताला आली की जाळी काढा.

आणखी एक गोष्ट एंजलवाल्यांच्या ध्यानातच येत नाही, कारण त्यांना तिची गरज पडत नाही. पिल्लं गडद रंगाकडे ओढली जातात. पिल्लांच्या काळात डिस्कसची जोडी गडद पडते ती त्यासाठीच. टाकीत काळा स्पंज फिल्टर किंवा काळा हीटर असेल तर पिल्लं त्यालाच जाऊन चिकटतात आणि उपाशी मरतात. म्हणून टाकी रिकामी, तळ आणि मागची बाजू फिकी, पाण्याची पातळी उतरवलेली, हवेचा जोर कमी, रात्री मंद दिवा. पिजन ब्लड जातीचे डिस्कस दिसायला देखणे, पण ते गडद पडत नाहीत, त्यामुळे पिल्लांना आईबाप सापडायलाच अडचण होते. पहिल्यांदा ब्रीडिंग करणाऱ्याने ती जोडी घेऊ नये, दुकानदार कितीही गळ घालू दे.

तेव्हा त्या फोनवर माझं उत्तर एकच असतं: कोन आत्ताच्या आत्ता परत जोडीपुढे ठेव, होता तिथेच, आणि दिवसभर टाकीसमोर कुणाला फिरकू देऊ नकोस. कधी जोडी ती अंडी स्वीकारते, कधी खाऊन टाकते. खाल्ली तरी आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा घालते.