द्राक्षावरचं पांढरं मेण आणि तासगावचा बेदाणा

द्राक्षांचा हंगाम आला की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो: द्राक्षावरचा पांढरा थर म्हणजे विषारी औषध, तासभर मिठाच्या पाण्यात बुडवा! फवारणीचे अंश फळावर असू शकतात, त्यामुळे धुऊनच खावं, हे खरं. पण सगळीकडे सारखी पसरलेली, बोटानं पुसली जाणारी ती झाक हे द्राक्षानं स्वतः तयार केलेलं मेण असतं. आणि सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ पट्ट्यातल्या बेदाणा शेडमध्ये सगळी झटापट या मेणाशीच चालते.

द्राक्षात सुमारे ८० टक्के पाणी. ते १५-१६ टक्क्यांवर आलं की उरलेलं पाणी साखर इतकं घट्ट धरून ठेवते की बुरशीच्या वाट्याला काही येत नाही. साधारण ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो, म्हणजे ३ किलो पाणी उडवायचं. किलोभर पाण्याची वाफ करायला सुमारे २४०० किलोज्यूल ऊर्जा लागते. त्या हिशेबानं किलोभर बेदाण्यामागे विजेची २ युनिट, टनामागे २००० युनिट! सांगलीच्या पूर्व भागातला कोरडा वारा हे काम फुकट करतो.

पण मेण त्याला करू देत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ते कौलांसारख्या एकावर एक पडलेल्या चकत्यांचं दिसतं. त्याचा मोठा भाग ओलिॲनोलिक आम्लाचा. बाकी लांब साखळीची अल्कोहोलं वगैरे. या चकत्या पाण्याला झिडकारतात, त्यामुळे पाण्याला फटींतून वाफेच्या रूपातच, रखडत बाहेर यावं लागतं. नुसतं उन्हात टाकलेलं द्राक्ष म्हणूनच चार-पाच आठवडे घेतं.

शेतकरी लिटरभर पाण्यात साधारण २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑईल, म्हणजे इथाईल ओलिएट, घालतो आणि घड काही मिनिटं बुडवतो. मेण विरघळतं असा अनेकांचा समज आहे. तसं होत नाही! ओलिएटचे रेणू चकत्यांवर चिकटतात आणि त्यांचा पाणझिडकारा स्वभाव बदलतो. मग पाणी द्रवरूपातच फटींतून पृष्ठभागापर्यंत झिरपतं आणि तिथून उडतं. सावलीतल्या रॅकवर माल १५-२० दिवसांत तयार. गंमत म्हणजे घड पुन्हा धुतले तर वेग जवळजवळ पूर्ववत मंदावतो. अवकाळीची झड शेडमध्ये घुसली की माल भिजतो आणि वर हा लेपही धुऊन जातो.

‘केमिकल’ शब्दानं दचकणाऱ्यांसाठी: पोटॅशियम कार्बोनेट लाकडाच्या राखेत असतं आणि ओलिएट ज्यापासून बनतं ते ओलिक आम्ल शेंगतेलात. भूमध्य सागराकाठी राख आणि ऑलिव्ह तेल वापरून हाच प्रकार शतकानुशतकं चालत आला. पिवळ्या बेदाण्याला देतात ती गंधकाची धुरी मात्र वेगळी. दमेकऱ्यांनी तिच्याबाबत जपावं.

वाळवण फुकट झालं म्हणून बेदाण्याला लगेच ‘पर्यावरणपूरक’ असं लेबल नको. वेलींना पाजलेलं कृष्णेचं पाणी म्हैसाळसारख्या योजनांचे पंप टप्प्याटप्प्यानं वर चढवतात, आणि तयार बेदाणा महिनोन्‌महिने कोल्ड स्टोरेजमध्ये पडून असतो. थंडीमुळे कीड रोखली जाते हे आहेच, पण मोठं कारण रंग: ऊबेत शर्करा आणि अमिनो आम्लांची अभिक्रिया होऊन माल तपकिरी पडतो. तपकिरी बेदाणा चवीला मुळीच वाईट नसतो. सौद्यात भाव मात्र हिरव्या-पिवळ्यालाच मिळतो, आणि कोल्ड स्टोरेजच्या वीजबिलाचा बराचसा भाग त्या रंगापायी भरला जातो.