यकृताच्या कर्करोगातील अर्बुदरोधक प्रथिने

अर्बुद म्हणजे गाठ. अर्बुदरोधक प्रथिने म्हणजे पेशींच्या बेसुमार वाढीला लगाम घालणारी प्रथिने. डॉक्टर मंडळी यांना सरसकट ‘ट्यूमर सप्रेसर’ म्हणतात. यकृताच्या कर्करोगाशी ज्याचे नाते सर्वांत बारकाईने उलगडले आहे ते पी५३. आणि त्याची हकिकत सोलापूरकरांच्या रोजच्या ताटापाशी, शेंगदाण्यापाशी, येऊन पोचते.

डीएनएला इजा झाली की पी५३ पेशीचे विभाजन थांबवते. इजा दुरुस्त होण्यासारखी नसेल तर पेशीला मरायला लावते. १९७९ मध्ये ते सापडले तेव्हा कर्करोग घडवणारेच समजले गेले, कारण प्रयोगात आलेल्या त्याच्या जनुकाच्या प्रती आधीच बिघडलेल्या होत्या. हा गैरसमज फिटायला दहा वर्षे लागली.

शेंगा ओलसर राहिल्या की त्यांना अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट-पिवळी बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. १९६० मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी शेंगदाणा पेंड खाऊन मेले, त्यातून ते उजेडात आले. विषे निकामी करणे हे यकृताचे काम. पण या विषाच्या बी१ या प्रकाराला यकृतातलीच एन्झाइमे आणखी घातक रूप देतात. ते डीएनएमधल्या ग्वानीनला, म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांपैकी ‘जी’ला, चिकटते. पी५३च्या जनुकात २४९व्या जागी ‘एजीजी’ या तीन अक्षरांचे ‘एजीटी’ होते, प्रथिनात आर्जिनीन या अमिनो आम्लाच्या जागी सेरीन येते आणि प्रथिनाची डीएनएवरची पकड सुटते. बदल एका अक्षराचा. १९९१ मध्ये चीन आणि दक्षिण आफ्रिकेतील रुग्णांच्या गाठींत तो वारंवार आढळला.

हिपॅटायटिस बी जोडीला असला तर धोका नुसता वाढत नाही, गुणला जातो : शांघायमधल्या १९९२च्या अभ्यासात दोन्ही असलेल्यांत तो दोन्ही नसलेल्यांच्या सुमारे ६० पट निघाला. या विषाणूचे एचबीएक्स प्रथिनही पी५३च्या कामात अडथळा आणते. आरबी, पी१६, अ‍ॅक्सिन ही इतर अर्बुदरोधक प्रथिने. यांपैकी पी१६चे जनुक बऱ्याचदा शाबूत असूनही मुके केलेले, म्हणजे त्यावरून प्रथिन बनणे बंद पडलेले, असते.

सोलापुरी शेंगाचटणीसाठी दाणे मंद आचेवर भाजून, सोलून, लसूण-तिखट-मीठ घालून उखळात तेल सुटेपर्यंत कुटतात. भाजल्याने बुरशी मरते, विष थोडेफार घटते, पण पुरते जात नाही. त्यामुळे खरी राखण भाजण्याआधीची : शेंग कानाशी हलवली की दाणा खुळखुळला पाहिजे, आणि सुपातले काळपट, सुरकुतलेले, बुरसटलेले दाणे वेचून टाकले पाहिजेत. जिभेवर मात्र भिस्त नको. खवटपणा हा तेलाचा दोष. विषारी दाणा चवीला चांगलाही लागू शकतो. चटणी खाल्ल्याने कर्करोग होतो असा सरळ हिशेब मांडणेही चूकच. प्रश्न दाणा कसा वाळवला, कसा साठवला याचा आहे. टाकाऊ दाणा घाण्यावर गेला तर बरेचसे विष पेंडीत उतरते. ती पेंड म्हशीपुढे पडते आणि त्यातल्या विषाचा काही अंश अफ्लाटॉक्सिन एम१ या रूपात दुधातून घरी परत येतो.