रिम्ड काडतूस (लष्करी रायफलींचे)

ज्या काडतुसाच्या बुडाची कड पितळी कवचाच्या घेराबाहेर आलेली असते, त्याला रिम्ड काडतूस म्हणतात. ‘थ्री नॉट थ्री’ या नावाने परिचित असलेल्या ०.३०३ ब्रिटिश काडतुसाचे कवच बुडाशी सुमारे ११.७ मिमी असते आणि रिमचा, म्हणजे या बाहेर आलेल्या कडेचा, व्यास सुमारे १३.७ मिमी. म्हणजे चहूबाजूंनी जेमतेम एक मिलिमीटरचा काठ. रिमलेस काडतुसात हा काठ कवचाच्या घेराइतकाच ठेवतात आणि एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे रिकामे कवच बाहेर ओढणाऱ्या भागाच्या, नखाला पकड मिळावी म्हणून त्याच्या लगत एक खाच कापतात.

रिमची कामे दोन. काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला ते बसते त्या खोबणीत, किती आत जायचे हे ती ठरवते आणि गोळी सुटल्यावर रिकामे कवच बाहेर ओढायला धरण्याजोगी जागा देते. मार्टिनी-हेन्री किंवा ग्रास यांसारख्या एकबारी रायफलींत, जिथे शिपाई प्रत्येक काडतूस हाताने भरत असे, तिथे याहून सोयीची रचना नव्हती.

रिमचा सर्वांत मोठा गुण चेंबरच्या मोजमापात आहे. रिमलेस काडतूस खांद्यावर, म्हणजे कवच मानेकडे निमुळते होते तिथे टेकते. त्यामुळे खांद्यापर्यंतचे अंतर अचूक असावेच लागते. रिम्ड काडतूस रिमवर टेकते. रिमची जाडी आणि तिच्यासाठी ठेवलेली जागा जुळली की खांद्यापुढे थोडी मोकळीक राहिली तरी बार नीट उडतो. लाखांनी रायफली आणि कोट्यवधींनी काडतुसे वेगवेगळ्या कारखान्यांत बनत असतात आणि चिखल लागलेले काडतूसही आत जायला हवे असते, तेव्हा ही सैल मोजमापे फार मोलाची ठरतात. ०.३०३च्या ली-एनफिल्ड नंबर ४ या ब्रिटिश रायफलीत तर बोल्टचे, म्हणजे काडतूस आत ढकलून मागून चेंबर बंद करणाऱ्या दांड्याचे, डोके सुटे असून त्यावर ० ते ३ असे आकडे असत. रिमसाठीची जागा वाढली की पुढच्या आकड्याचे डोके बसवायचे.

या मोकळिकीची किंमत मात्र पितळ मोजते. ०.३०३चे न उडवलेले काडतूस आणि उडवलेले कवच शेजारी ठेवून पाहावे : दुसऱ्याचा खांदा पुढे सरकलेला आणि फुगलेला दिसतो. एकदाच वापरून टाकायच्या लष्करी काडतुसाला त्याने काही बिघडत नाही. पण तेच कवच पुन्हा पुन्हा भरणाऱ्या नेमबाजाच्या हातात ते बुडाच्या थोडे वर लवकर तडकते.

खरी अडचण मॅगझिन, म्हणजे रायफलीची काडतुसांची पेटी, आल्यावर सुरू झाली. पेटीत काडतुसे एकावर एक बसतात. वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिमच्या पुढे असेल तर बोल्टच्या धक्क्याने ते सरळ चेंबरमध्ये सरकते. ती मागे राहिली की पुढे जाताना खालच्या रिमला अडते आणि भरणे थांबते. यालाच रिमलॉक म्हणतात. ब्रिटिशांच्या चार्जरमध्ये, म्हणजे पाच काडतुसे एकदम मॅगझिनमध्ये भरायच्या पट्टीत, तीन रिम खाली आणि दोन वर अशी मांडणी ठरलेली होती, म्हणजे चार्जर कोणत्याही टोकाने लावला तरी फरक पडत नसे. रशियाच्या मोसिन रायफलीत (१८९१) वरचे काडतूस सुटेपर्यंत खालच्यांना दाबून धरणारा वेगळा पोलादी तुकडाच बसवला होता. हे उपाय कल्पक होते, पण रिम नसती तर त्यांची गरजच पडली नसती.

स्वयंचलित शस्त्रांत हा दोष आणखी ठळक होतो. चेकोस्लोव्हाकियाच्या झेडबी-२६ मशीनगनचे २० काडतुसांचे मॅगझिन सरळ होते, कारण तिचे ७.९२ मिमी माउझर काडतूस रिमलेस होते. तिच्यावरूनच ०.३०३साठी ब्रेन गन घडवली, तेव्हा रिममुळे काडतुसे एकमेकांवर तिरकी बसत असल्याने मॅगझिन वाकवावे लागले आणि ३० मावत असूनही साधारणपणे २८च भरत. बेसा या मूळ चेक आराखड्याच्या, रणगाड्यावरच्या मशीनगनसाठी तर ब्रिटनने ७.९२ मिमीचेच काडतूस ठेवले. स्वतःच्या नेहमीच्या काडतुसाबरोबर दुसऱ्याचाही पुरवठा सांभाळणे ब्रिटनला कमी त्रासाचे वाटले, याहून बोलका पुरावा शोधायची गरज नाही.

मग इतक्या सैन्यांनी रिम का धरून ठेवली? फ्रान्सने १८८६मध्ये धूररहित दारूचे पहिले लष्करी काडतूस, ८ मिमी लेबेल, घाईने जुन्या ग्रासच्या बुडावर उभे केले. जर्मनीने १८८८मध्येच रिमलेस काडतूस स्वीकारले. अमेरिकेने १८९२मध्ये रिम्ड ०.३०-४० क्रॅग घेतले, पण १९०६पर्यंत ती ०.३०-०६ या रिमलेस काडतुसावर पोहोचली. ब्रिटनही ०.२७६ इंची रिमलेस काडतुसाच्या चाचण्या घेत होता. १९१४मध्ये महायुद्ध पेटले आणि त्या काडतुसासाठी आखलेली रायफल शेवटी ०.३०३मध्येच निघाली. साठे, यंत्रे आणि सैनिकांची सवय एकदा जमली की युद्धाच्या तोंडावर ती मोडायला कोणी धजत नाही. रिम टिकली ती मुख्यतः यामुळे. तिच्या गुणांचा वाटा त्यात दुय्यम होता.

रशियाचे ७.६२ × ५४ मिमी आर काडतूस १८९१पासून आजही सेवेत आहे. ड्रॅगुनोव्ह रायफलीचे १० काडतुसांचे मॅगझिन त्याच्या रिमच्या हिशेबाने घडवले आहे. जर्मन एमजी-४२सारख्या रिमलेस काडतुसाच्या मशीनगनमध्ये बोल्ट काडतूस पट्ट्यातून थेट पुढे ढकलतो. याच रशियन काडतुसाच्या पीकेएम मशीनगनमध्ये तसे जमत नाही. तिथे पोलादी पंजे रिम धरून काडतूस आधी मागे ओढतात, मग ते खाली उतरते आणि त्यानंतरच पुढे चेंबरमध्ये जाते. प्रत्येक गोळीला ही तिन्ही पावले होतात.