ल्युपस फॉग

ल्युपस (पूर्ण नाव सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस, शॉर्टमध्ये एसएलई) हा ऑटोइम्यून आजार, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते, आणि सांधे, त्वचा, किडनीसोबत मेंदूलाही ती सोडत नाही. १० पेशंटमधल्या साधारण ९ बायकाच असतात. डोक्यात धुकं भरल्यासारखं होतं त्याला पेशंट ल्युपस फॉग म्हणतात, डॉक्टरांच्या कागदावर ते कॉग्निटिव्ह डिसफंक्शन.

माणसं ओळखू येत नाहीत वगैरे प्रकार सहसा नसतो. कढईपुढे उभं राहून "अगं तो दे ना, तो... भजी काढायचा" आणि झारा हा शब्द काही केल्या आठवत नाही, वाचलेलं पान परत वाचावं लागतं, दोघं एकदम बोलायला लागले की काहीच कळेनासं होतं. घरचे म्हणतात, लक्ष कुठंय तुझं!

व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ मोरित्झ कापोसी यांनी १८७२ मध्येच ल्युपस नुसता कातडीचा आजार नाही हे दाखवलं होतं. १९९९ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाताच्या डॉक्टरांच्या संघटनेने ल्युपसमधल्या मेंदू, नसा आणि मनाच्या तक्रारींचे १९ प्रकार ठरवले, त्यात फिट्स, स्ट्रोक, सायकोसिससोबत (भास-भ्रम होणं) हा फॉगही आहे.

कारण एकच नाही, आणि खरी गोची तिथेच आहे. काहींच्या रक्तात अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडीज (प्रतिकारशक्तीने बनवलेली, आपल्याच शरीरावर उलटलेली प्रथिनं) असतात, त्याने रक्ताच्या गुठळ्या होतात. दुसरं म्हणजे अमेरिकन संशोधक बेटी डायमंड यांच्या टीमला २००१ मध्ये दिसलं की डीएनएविरुद्धच्या काही अँटीबॉडीज मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरलाही (मेंदूच्या पेशींवरचा, संदेश झेलणारा भाग) चिकटतात. पण रक्त आणि मेंदूमधली भिंत शाबूत असेल तर त्या आत जाऊ शकत नाहीत. या अँटीबॉडीज असलेल्या उंदरांमध्ये बॅक्टेरियाच्या विषाने ती भिंत सैल केली तर हिप्पोकॅम्पसला म्हणजे आठवणींच्या जागेला मार बसला, आणि ॲड्रेनॅलिनने केली तर भीतीशी संबंधित अमिग्डाला या मेंदूच्या भागाला. अँटीबॉडी तीच हां!

एमआरआय बऱ्याचदा नॉर्मल येतो, म्हणून "टेन्शन घेऊ नका" एवढ्यावर बोळवण होते, जी चूक आहे. त्यापेक्षा कागदावर घड्याळाचं चित्र काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा, १०० मधून ७-७ वजा करत जा, अशा साध्या टेस्टमधून जास्त कळतं, अर्थात झोप, डिप्रेशन, थायरॉइड, ॲनिमिया हेही बघावंच लागतं.

गुठळ्या असतील तर रक्त पातळ करायची औषधं, सूज असेल तर स्टेरॉइड आणि जास्तच असेल तर सायक्लोफॉस्फामाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. मात्र स्टेरॉइडच्या मोठ्या डोसनेही माणूस भ्रमिष्टासारखा वागू शकतो, त्यामुळे पेशंट बिथरला की डोस वाढवायचा की उतरवायचा यावर डॉक्टरांचंही डोकं चक्रावतं.