दुसऱ्याच्या फजितीचा आनंद

दुसऱ्याच्या फजितीचा आनंद : (मानसशास्त्र). स्वतः काहीही न करता, दुसऱ्यावर ओढवलेली अडचण, अपयश किंवा मानहानी पाहून मनात उमटणारी सुखद भावना. जर्मन भाषेत तिला ‘शाडेनफ्रॉइडे’ म्हणतात. ‘शाडेन’ म्हणजे हानी आणि ‘फ्रॉइडे’ म्हणजे आनंद. मराठीत यासाठी पुष्कळदा ‘विघ्नसंतोष’ हा शब्द योजतात, परंतु तो नेमका नाही. विघ्नसंतोषी मनुष्य दुसऱ्याच्या कामात मोडता घालतो, प्रसंगी आपलेच नाक कापून त्याला अपशकुन करतो. येथे मात्र आनंदणारा केवळ प्रेक्षक असतो. या भावनेला अधिक जवळचा शब्द बोलीत आहे, तो म्हणजे ‘जिरली’.

पाणी जमिनीत जिरते, अन्न पोटात जिरते. माणसाची जिरते तेव्हा त्याचा माज किंवा तोरा जिरलेला असतो. म्हणजे हा शब्द उच्चारणाऱ्याने समोरच्यावर आरोप ठेवून निकालही दिलेला असतो. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर सायंकाळी वाहने खोळंबलेली असताना एखादी मोटार रांग सोडून विरुद्ध मार्गिकेत शिरते आणि हॉर्न वाजवत दिसेनाशी होते. दहा मिनिटांनी बस पुढच्या नाक्याजवळ सरकते, तेव्हा तीच मोटार वाहतूक पोलिसाने कडेला घेतलेली असते आणि चालक काचेबाहेर कागदपत्रे धरून बसलेला असतो. त्यामुळे बसमधला कोणीही घरी एक मिनिटही लवकर पोहोचणार नसतो. तरीही खिडक्यांकडे माना वळतात, अनोळखी माणसे एकमेकांकडे पाहून हसतात आणि मागून आवाज येतो, ‘बरी जिरली!’

या न्यायबुद्धीचा पद्धतशीर अभ्यास ऑस्ट्रेलियन मानसशास्त्रज्ञ नॉर्मन फेदर यांनी केला. मोठ्या पदावरील व्यक्तीच्या पतनाने लोकांना होणारा आनंद, त्या व्यक्तीची ती पायरी होती की नव्हती याविषयीच्या लोकांच्या मतावर अवलंबून असतो, असे त्यांना आढळले. २००६ साली टानिया सिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्ती प्रथम पैशांचा एक खेळ खेळल्या आणि नंतर त्यांनी सहखेळाडूंना वेदना होताना पाहिल्या. खेळात लबाडीने वागलेल्याच्या वेदनेच्या वेळी पुरुषांच्या मेंदूतील सहवेदनेचा प्रतिसाद मंदावला आणि सुखाशी निगडित भाग उद्दीपित झाला. स्त्रियांमध्ये असा बदल ठळकपणे दिसला नाही. एवढ्यावरून स्त्रीपुरुषांच्या स्वभावाविषयी सरसकट विधान करणे मात्र घाईचे ठरेल.

प्रत्येक वेळी न्यायाचे निमित्त असतेच असे नाही. लिऑन फेस्टिंजर यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या सामाजिक तुलनेच्या सिद्धांतानुसार माणूस स्वतःला आपल्यासारख्यांच्याच मापाने मोजतो. नवी मुंबईत सिडकोच्या घरांच्या सोडतीसाठी अर्ज भरलेल्या दोघा सहकाऱ्यांपैकी एकाला घर लागावे आणि पुढे कागदपत्रांतील त्रुटीमुळे ते हातचे जावे, तर दुसरा तोंडाने हळहळ व्यक्त करतो, पण आतून त्याला हलके वाटते. पाम बीच रस्त्यावरच्या अब्जाधीशाचे नुकसान त्याला इतके सुखावत नाही. जपानमध्ये हिदेहिको ताकाहाशी यांच्या गटाने २००९ साली केलेल्या अभ्यासात हेव्याच्या वेळी मेंदूतील वेदनेशी संबंधित भाग, तर हेवा वाटलेल्या व्यक्तीवर आपत्ती आल्यावर सुखाशी संबंधित भाग कार्यरत झालेला दिसला. पहिला प्रतिसाद जितका तीव्र, तितका दुसराही तीव्र होता. विल्को व्हान डाइक यांच्या नेदरलँड्समधील संशोधनानुसार स्वतःविषयी कमीपणा वाटणाऱ्यांत ही भावना अधिक आढळते.

ॲरिस्टॉटलने ही वृत्ती हेव्यासोबत दोषांमध्ये घातली आणि अपात्राच्या उत्कर्षाने वाटणारा रास्त संताप तिच्यापासून वेगळा काढला. पतंजलीच्या योगसूत्रांत (१.३३) दुःखिताविषयी करुणा सांगितली आहे, आणि दुराचाऱ्याविषयी उपेक्षा. ‘जिरली’ म्हणणारा समोरच्याला दुराचारी ठरवून करुणेतून सुटतो, पण उपेक्षा काही त्याला जमत नाही. तो मान वळवून बघतोच.

ही भावना समूहालाही होते. १९९८च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत जर्मनी क्रोएशियाकडून ३–० असा हरल्यावर डच लोकांना झालेल्या आनंदाचा अभ्यास कॉलिन वेन लीच व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. वस्तुतः तो विजय डचांचा नव्हता. ठाण्यात हेच पाहायचे तर दहीहंडीच्या दिवशी, नऊ थरांच्या प्रयत्नाच्या वेळी, आपली पाळी येण्याची वाट पाहणाऱ्या गोविंदा पथकाकडे पाहावे. दुसऱ्या पथकाचा सातवा थर हलू लागला की ही मुले एकमेकांना कोपराने ढोसतात. थर कोसळल्यावर प्रेक्षकांतून ‘अरेरे’ उठते आणि यांच्यातल्या काहींचे ओठ ताणले जातात, कारण बक्षीस अजून वर टांगलेले असते. सुपातल्यांनी जात्यातल्यांना हसण्याचाच हा प्रकार. मात्र पडलेल्यांपैकी एखादा मुलगा उठला नाही, तर ते हसू तेथेच मावळते आणि स्ट्रेचरला वाट करून देण्यासाठी हीच मुले हातांची साखळी धरून गर्दी मागे रेटतात.