फड पद्धत

फड पद्धत : खानदेश व लगतच्या बागलाण परिसरातील सामूहिक सिंचनाची परंपरागत व्यवस्था. तापीच्या खोऱ्यात पांझरा (धुळे जिल्हा) आणि गिरणेस मिळणाऱ्या मोसम व आरम (नाशिक जिल्हा) या नद्यांवर ती विशेष रुजली. पांझरेकाठच्या सामोडे, नेर, न्याहळोद या गावांची नावे या संदर्भात वारंवार येतात.

पद्धतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. जुने बंधारे मुसलमानी अमदानीत, म्हणजे खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या काळात (१३८२–१६०१) बांधले गेले, असा एक समज आहे. बहुतेक अभ्यासक ही व्यवस्था सुमारे ३०० ते ४०० वर्षांपूर्वीची मानतात, तर काहींच्या मते तिची वाढ मराठा काळात झाली. बंधारा बांधणे आणि पाणीवाटपाचे नियम घडणे या दोन घटना एकाच काळातील असतीलच असे नाही. त्यामुळे बांधकामास राजाश्रय आणि नियमांना गावकऱ्यांचा अनुभव कारणीभूत असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

नदीच्या पात्रात खडक पाहून दगडी बंधारा घालतात. तेथून पाट निघतो, पाटाच्या चाऱ्या (लहान उपपाट) होतात आणि सांडव्यावरून गेलेले पाणी खालच्या गावाच्या बंधाऱ्यास मिळते. एका बंधाऱ्याखालील ठरावीक भिजक्षेत्रास थळ म्हणतात. थळाचे बहुधा तीन-चार भाग पाडतात, तेच फड. एका फडात एका हंगामी एकच प्रकारचे पीक घ्यावयाचे, हा मुख्य नियम. एका फडात ऊस, दुसऱ्यात भुसार पिके, एखादा पडीक, आणि पुढील वर्षी फेरपालट. नदीला पाणी किती आहे हे पाहून कोणता फड भिजवायचा ते पंच ठरवतात. शेतकऱ्याची जमीन शक्यतो निरनिराळ्या फडांत विभागलेली असल्याने एक फड कोरडा राहिला तरी तोटा एकट्यादुकट्यावर पडत नाही.

पीक निवडण्याचे स्वातंत्र्य व्यक्ती येथे समूहाच्या स्वाधीन करते आणि त्याच्या बदल्यात तिला पाण्याची हमी मिळते. शेतकरी स्वतः पाणी भरत नाही. ते काम पाटकऱ्याचे, आणि त्याला प्रत्येकाचे शेत सारखेच. पिकाची राखण जागल्याकडे असते. या सेवकांना पूर्वी सुगीत धान्यरूपाने मोबदला मिळे. टंचाईच्या प्रदेशात पाण्याची समन्यायी वाटणी इतका दीर्घकाळ गावपातळीवर टिकली, हे या व्यवस्थेचे मोठे श्रेय होय.

१८७९ च्या मुंबई पाटबंधारे अधिनियमानंतर सरकारी देखरेख वाढली. विसाव्या शतकात वरच्या अंगास झालेली धरणे, विहिरी, विजेचे पंप आणि नगदी पिके यांमुळे फड विस्कळीत होत गेले. स्वतःची विहीर असलेल्या शेतकऱ्यास पंचांच्या निर्णयाची गरज उरली नाही. महाराष्ट्रात २००५ मध्ये पाणीवापर संस्थांसाठी स्वतंत्र अधिनियम झाला. शेतकऱ्यांनी पाण्याचे व्यवस्थापन एकत्रितपणे करावे, हे त्याचेही सूत्र आहे. काही गावांत जुने बंधारे व पाट अद्याप वापरात आहेत.