मोंतेखाकेचं कोरडं धरण आणि डोंगरात शिरलेली नदी

दक्षिण स्पेनमधल्या मालागा प्रांतात, रोंदा शहराच्या पश्चिमेला डोंगराच्या खोबणीत मोंतेखाके हे पांढऱ्या घरांचं गाव वसलं आहे. वस्ती हजाराच्या आसपास, उंची 700 मीटरच्या जवळपास. गावापासून रोंदाकडे निघालं की थोड्याच अंतरावर एका अरुंद घळीत काँक्रीटची कमानी भिंत दिसते. उंची सुमारे 84 मीटर. भिंत शाबूत आहे, पण तिच्यामागे बहुतेक वर्षभर पाणीच नसतं. गुहेतली पोहत जायची वाट, गार पाण्याचा डोह, गुहाचित्रं, पठारावरची दिवसभराची चाल अशा ज्या ज्या गोष्टींसाठी लोक आज या गावात येतात, त्या सगळ्यांचं मूळ हे धरण कोरडं राहण्याच्या कारणातच आहे.

ते कारण म्हणजे चुनखडी. अटलांटिकवरून येणारे ओले वारे आत शिरताना सर्वांत आधी ग्रासालेमाच्या डोंगररांगेला धडकतात. त्यामुळे अंदालुसियासारख्या रखरखीत मुलखात या रांगेच्या काही भागांत वर्षाला 2,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडीला हळूहळू विरघळवतं. आधी केसाएवढी भेग, मग बोटभर फट, आणि लाखो वर्षांनी माणूस उभा राहू शकेल असं भुयार. म्हणून इतका पाऊस होऊनही इथल्या माथ्यांवर ओढे नाहीत. पाणी खाली उतरतं, डोंगराच्या पोटातून वाहतं आणि पायथ्याला झऱ्याच्या रूपात एकदम उसळून बाहेर येतं. सह्याद्रीत चालणाऱ्यांची सवय इथे उपयोगी पडत नाही. आपल्या बेसॉल्टमध्ये टाकं खोदलं तर पाणी महिनोन् महिने टिकतं, म्हणून गडाच्या माथ्यावर पाणी मिळेल हे आपण गृहीत धरतो. इथे माथ्यावर पाणी नाही असंच धरून निघावं, आणि उन्हाळ्यात माणशी तीन लिटर पाणी पाठीवर घ्यावं.

गावं कुठे वसली याचंही उत्तर पाण्यातच सापडतं. मोंतेखाकेचं जोडगाव बेनाओखान दोनेक किलोमीटरवर, ग्वादियारो नदीच्या खोऱ्याच्या वर आहे. नावातला ‘बेना’ हा अरबी ‘बनी’चा अवशेष, म्हणजे ‘अमक्याचे वंशज’. या भागात अशी नावं जागोजागी आहेत. मुस्लिम राजवटीत एकेका कुळाने जिथे झरा फुटतो आणि वर आडोशाला कडा आहे अशी जागा धरली. 1485 मध्ये रोंदा कास्तियाच्या ख्रिस्ती राज्याच्या ताब्यात गेलं आणि आसपासची गावंही गेली. पण वस्तीच्या जागा आणि गल्ल्यांची अंगकाठी बरीचशी तीच राहिली. पुढची काही शतकं मेंढ्या, ओक वृक्षांच्या फळांवर पोसलेली डुकरं आणि जिब्राल्टरहून खेचरांच्या पाठीवरून येणारी चोरटी तंबाखू यांवर हा डोंगर जगला. आजच्या कितीतरी पायवाटा म्हणजे या खेचरांच्याच वाटा. जिथे चढ आहे तिथे त्या दगड रचून नागमोडी वर नेलेल्या दिसतात, कारण ओझं लादलेल्या खेचराला सरळ चढ झेपत नाही.

आता धरणाकडे. ग्रासालेमाच्या बाजूने येणारी गादुआरेस नदी मोंतेखाकेजवळच्या घळीत येते आणि उंदिदेरो नावाच्या गुहेत शिरून नाहीशी होते. डोंगराच्या आतून साधारण चार किलोमीटर वाहून ती बेनाओखानजवळ गातो गुहेच्या तोंडातून बाहेर पडते आणि ग्वादियारोला मिळते. ‘गातो’ म्हणजे मांजर. गुहेचं तोंड मांजराच्या डोक्यासारखं दिसतं, म्हणून हे नाव पडल्याचं सांगतात. 1920 च्या दशकात सेव्हिलच्या वीज कंपनीने, कोंपानिया सेव्हियाना दे एलेक्ट्रिसिदादने, नदी गुहेत शिरण्याआधीच अडवायचं ठरवलं. हिशेब वरवर बिनचूक होता. घळ अरुंद, म्हणजे भिंतीला काँक्रीट कमी. दोन्ही बाजूंना भक्कम कातळ, म्हणजे कमानीचा रेटा तो सहज पेलेल. पाऊस भरपूर आणि खाली नदीपर्यंत चांगला उतार. 1924 च्या सुमाराला भिंत पूर्ण झाली. कमानी धरणांमध्ये ती त्या काळी युरोपातल्या सर्वांत उंच धरणांपैकी एक होती.

भिंत टिकली, पाणी टिकलं नाही. जलाशयाच्या तळातून आणि बाजूच्या कातळातून ते झिरपून थेट त्याच गुहेत उतरू लागलं. कंपनीने भेगांमध्ये सिमेंट भरलं. नेमकी गळती कुठे आहे हे शोधायला कामगार उंदिदेरोच्या आत शिरले, तिथे त्यांनी लोखंडी मचाणं आणि पूल टाकले, काही फटी आतून बांधून काढल्या. एक फट बुजवली की पाणी शेजारची वाट शोधायचं. यात अभियंत्यांच्या हाताची चूक नव्हती, चूक जागेची होती. चुनखडीच्या प्रदेशात भिंतीचा पाया पक्का असणं पुरेसं नसतं. अख्ख्या जलाशयाचा तळ पाणी धरतो का, हे आधी पाहावं लागतं. नदी समोरच्याच गुहेत गडप होते, याचा अर्थच आजूबाजूचा सगळा कातळ पोखरलेला आहे. शेवटी प्रयत्न थांबले आणि धरण सोडून दिलं गेलं. अतिवृष्टी झाली की गुहेला इतकं पाणी एका वेळी गिळता येत नाही आणि भिंतीमागे काही काळ खरंच तळं साचतं. ते दृश्य सुंदर दिसलं, तरी त्या काळात घळीत उतरू नये.

त्या कामगारांची गंजलेली मचाणं आजही गुहेत आहेत. एमए-8403 रस्त्यालगत गाड्या लावायची जागा आहे, तिथून पायऱ्या घळीत उतरतात. डावी-उजवीकडे उभे कडे, वर धरणाची भिंत आणि समोर गुहेचं प्रचंड उंच, चिंचोळं तोंड. एवढ्यासाठी दोर लागत नाही आणि परवानाही लागत नाही. तासाभरात जाऊन येता येतं. पायऱ्यांवर शेवाळ असतं, म्हणून चांगल्या पकडीचे बूट हवेत. तोंडाशी थांबावं. आत थोडंसं शिरून बघू म्हणणाऱ्यांनी जुन्या लोखंडावर भार टाकणं हाच इथला सर्वांत मोठा धोका आहे.

पूर्ण गुहा पार करणं, म्हणजे उंदिदेरोतून शिरून गातोतून बाहेर येणं, हे वेगळंच काम आहे. एका दिशेनेच जावं लागतं, कारण वाटेत खाली उतरायचे टप्पे आहेत, आणि वरून दोर ओढून घेतला की मागचा रस्ता बंद होतो. मध्ये लांबच लांब डोह पोहून पार करावे लागतात. पाणी भर उन्हाळ्यातही अंग गारठवतं, म्हणून पाच मिलिमीटर जाडीचा निओप्रीन सूट लागतो. हेल्मेटवर एक दिवा आणि सोबत दुसरा, हार्नेस (अंगाला बांधायचा पट्टा), डिसेंडर (दोरावरून सावकाश उतरायचं साधन) आणि खाण्यासाठी पाणी न शिरणारा डबा एवढं प्रत्येकाकडे हवं. गट किती सराईत आहे यावर पाच ते आठ तास जातात. फजिती होते ती बहुधा थंडीमुळे. सूट पातळ असतो, दोराच्या टप्प्यावर रांग लागते, ओल्या अंगाने उभं राहून बोटं बधिर होतात आणि मग साधी कॅरॅबिनर, म्हणजे दोर अडकवायची कडीसुद्धा उघडता येत नाही. म्हणून एका वाटाड्यामागे माणसं कमी असलेली बरी. गुहेसाठी ग्रासालेमा नैसर्गिक उद्यानाची परवानगी लागते. आत वटवाघळांची मोठी वसाहत असल्यामुळे त्यांच्या हंगामात प्रवेशावर बंधनं येतात. पावसाळा म्हणजे इथला हिवाळा, आणि तेव्हा हा प्रवाह जीवघेणा असतो. वर डोंगरात झालेला पाऊस गुहेत काही तासांत येऊन पोचतो आणि आत असलेल्या माणसाला आभाळ दिसत नसतं. दोन गाड्यांची सोयही आधीच करून ठेवावी, कारण दोन्ही तोंडांमधलं रस्त्याचं अंतर साधारण दहा किलोमीटर आहे.

याच चुनखडीने आणखी एक गोष्ट जपून ठेवली होती. 1905 मध्ये खोसे बुयोन लोबातो हा बेनाओखानचा शेतकरी वटवाघळांची विष्ठा शोधत होता. शेताला ते उत्तम खत. डोंगरातल्या एका विवरात तो दोराने उतरला आणि आत त्याला भिंतींवर काळ्या-लाल खुणा दिसल्या, मातीची भांडी आणि हाडं दिसली. गावात त्या मूर लोकांच्या, म्हणजे जुन्या मुस्लिम राजवटीतल्या लोकांच्या खुणा समजल्या गेल्या. जिब्राल्टरच्या आसपास वर्षानुवर्षं पक्षी पाहत हिंडणारे निवृत्त ब्रिटिश कर्नल विलोबी व्हर्नर यांच्या कानावर ही बातमी गेली. ते स्वतः आत उतरले आणि 1911 मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये त्यावर लिहिलं. पुढच्याच वर्षी गुहाचित्रांचे जाणकार आंरी ब्रय आणि ह्युगो ओबरमायर येऊन अभ्यास करून गेले. खुणा अश्मयुगाच्या ठरल्या. 1924 मध्ये ही गुहा, पिलेता, राष्ट्रीय स्मारक झाली. तिची मालकी मात्र बुयोन कुटुंबाकडेच राहिली आणि वाटाडे म्हणूनही तेच काम करत आले.

पिलेता बघायची पद्धत अजून जुन्या वळणाची आहे, आणि तीच तिची खरी श्रीमंती. आत विजेच्या दिव्यांची रोषणाई नाही, हातातले दिवे घेऊन लहान गटाने जायचं. साधारण एक तास लागतो. फोटो काढायला मनाई आहे. आत वर्षभर 15 अंशांच्या आसपास तापमान असतं, म्हणजे ऑगस्टमध्येही स्वेटर हवा. जमीन ओली आणि घसरडी असते, आणि पायऱ्या बऱ्याच. घोडे, बकरे आणि सर्वांत आतला मोठा मासा ही इथली गाजलेली चित्रं. दर फेरीला माणसांची संख्या ठरलेली असते, तेव्हा आधी जागा राखून ठेवावी.

बाहेरच्या जगाला हा भाग उघडला तो रेल्वेने. बोबादिया ते आल्खेसिरास हा मार्ग एका ब्रिटिश कंपनीने 1890 ते 1892 या काळात टप्प्याटप्प्याने सुरू केला. रूळ टाकायला डोंगरातली एकच सोयीची वाट होती, ग्वादियारोचं खोरं. म्हणून स्टेशन गावात न होता खाली नदीकाठी झालं. आजही रोंदाहून रेल्वेने निघालं की पाव तासाच्या आत बेनाओखान स्टेशन येतं, पण तिथून मोंतेखाकेला जायचं तर चढ चढावा लागतो. पायी भटकणाऱ्याला मात्र हे स्टेशन फार सोयीचं. तिथून नदीकाठाने हिमेरा दे लीबार या गावापर्यंत सुमारे आठ किलोमीटरची वाट आहे, अडीच-तीन तासांची, आणि परतीला रेल्वे. दिवसाला गाड्या मोजक्याच धावतात. आधी परतीची वेळ पाहावी आणि मग निघण्याची ठरवावी.

डोंगर कसा पोखरला गेला हे वरून पाहायचं असेल, तर मोंतेखाकेहून लीबारच्या पठाराकडे जावं. चुनखडी विरघळून खाली बसलेली ही लांबट, सपाट तळाची कुरणं आहेत. चहूबाजूंनी पांढरे-करडे खडक, मधे लाल माती आणि ओक वृक्ष. पुढे विय्यालुएंगा देल रोसारियो या गावापर्यंत जाता येतं. एकूण 15 ते 18 किलोमीटर, सहा तास धरावेत. लांब पल्ल्याच्या जीआर-7 मार्गाच्या लाल-पांढऱ्या खुणा काही टप्प्यांवर सोबत करतात. शेवटी विय्यालुएंगाशी एक ओढा जमिनीतल्या उभ्या विवरात पडून गडप होतो. वाटेत सुरीसारख्या धारेचा खडक लागतो, तिथे गुडघ्यापर्यंतची पँट घालणाऱ्याच्या पोटऱ्या सोलवटतात. पावलांनी गुळगुळीत झालेली चुनखडी भिजली की ओल्या बेसॉल्टपेक्षाही जास्त घसरते.

हा सगळा भाग ग्रासालेमा नैसर्गिक उद्यानात येतो. 1977 मध्ये युनेस्कोने त्याला जैवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला आणि 1984 मध्ये तो नैसर्गिक उद्यान झाला. उद्यानाच्या कादिस प्रांतातल्या बाजूला पिनसापो या दुर्मीळ फर वृक्षाचं जंगल आहे. तिथल्या वाटांना परवाना लागतो, आणि वणव्याच्या हंगामात, म्हणजे 1 जून ते 15 ऑक्टोबर, त्यातल्या काही वाटा बंद किंवा मर्यादित असतात. परवाने एल बोस्के इथल्या केंद्रातून मिळतात. रोजची संख्या ठरलेली असल्यामुळे वसंतातल्या शनिवार-रविवारचे लवकर संपतात. मोंतेखाके आणि बेनाओखानच्या कड्यांवर अलीकडे लोखंडी पायऱ्या आणि केबल लावलेल्या फेराटा वाटाही झाल्या आहेत. तिथे धक्का शोषून घेणारा, दोन कॅरॅबिनरचा खास फेराटा संच हवा. प्रस्तरारोहणातली साधी स्लिंग (शिवलेल्या पट्ट्याचं कडं) वापरून चालत नाही, कारण केबलवर पडणारा माणूस खालच्या खुंटीपर्यंत घसरत जातो आणि तो झटका साधी स्लिंग पेलत नाही. खुंटी ओलांडताना एका वेळी एकच कॅरॅबिनर काढायची. अडचण आली तर स्पेनभर 112 हा क्रमांक चालतो.

चाल संपवून बेनाओखान स्टेशनला उतरलं की दोन-अडीच किलोमीटरवर गातोचं तोंड आणि त्यासमोरचा निळा डोह आहे. ऑगस्टच्या उन्हात उडी मारली तरी दम कोंडतो, इतकं ते पाणी गार असतं. धरणाने अडवायचं ठरवलेली नदी ती हीच.